दाव्याची चतुःसीमा

बारामती-इंदापूरकडे नीरा डाव्या कालव्याखालच्या जमिनीचं खरेदीखत हातात आलं, की जाणता माणूस चतुःसीमा वाचतो आणि मग बांधावर जाऊन ती पडताळतो. औषधाच्या पेटंटमध्ये ही चतुःसीमा म्हणजे अखेरचे दावे. त्याआधीची पानंच्या पानं म्हणजे वर्णन: कोणते रेणू बनवले, कोणत्या विषाणूवर तपासले, काय दिसलं. परीक्षकाचं काम या दोन भागांत बोट ठेवून मागे-पुढे वाचण्याचं. दावे वर्णनावर रास्तपणे आधारलेले हवेत, असं आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम १० सांगतं. बारामतीहून निघालेला अर्जही मुंबईच्या पेटंट कार्यालयात याच कसोटीला लागतो.

ही कसोटी किती महागात पडते, ते अमेरिकेतल्या आयडेनिक्स विरुद्ध गिलियड या दोन औषध कंपन्यांच्या खटल्यात दिसलं. आयडेनिक्सचा दावा हिपॅटायटिस सी वरच्या उपचाराचा होता. रेणूतल्या साखरेच्या कड्यावर, दुसऱ्या कार्बनला वरच्या बाजूने मिथाइल हवा. बाकीच्या जागांवर जवळजवळ काहीही चालेल. या मोकळिकीत हजारो-हजारो रेणू मावत होते. गिलियडच्या सोफोसबुविर या हिपॅटायटिस सी वरच्या औषधात वर मिथाइल आहे, पण त्याच कार्बनला खालून फ्लोरिन. आयडेनिक्सच्या वर्णनात अठरा सूत्रं होती, जागोजागी पर्यायांच्या याद्या होत्या. खालच्या जागी फ्लोरिन मात्र नव्हता. २०१६ मध्ये ज्युरीने आयडेनिक्सच्या बाजूने २.५४ अब्ज डॉलर भरपाई ठरवली. न्यायाधीशांनी २०१८ मध्ये पेटंट अवैध ठरवलं आणि २०१९ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं.

यावर आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही: प्रत्येक रेणू बनवून दाखवा म्हटलं तर संशोधकाचं आयुष्य पुरायचं नाही, आणि प्रतिस्पर्धी एक अणू बदलून निसटेल. अपिलातल्या एका न्यायाधीशांनीही बहुमताशी असहमती नोंदवली होती. पण कायदा प्रत्येक रेणू मागतच नाही. जाणकार रसायनतज्ज्ञाला फारसं न चाचपडता उरलेल्यांपैकी कामाचे रेणू ओळखता आणि बनवता यावेत, एवढीच वाट तो मागतो. मिथाइलने विषाणू का अडतो आणि शेजारच्या जागी काय बसवलं तर तो गुण टिकतो, हे वर्णनात असतं, तर थोड्या उदाहरणांवरही मोठा दावा उभा राहिला असता. इथे उरलं होतं ते एकेक रेणू बनवून पाहणं. आणि वर मिथाइल, खाली फ्लोरिन असा रेणू जमवताना खुद्द आयडेनिक्सच्या रसायनतज्ज्ञांना बराच काळ अपयश आलं होतं.