कार्बाईडच्या हत्यारांना धार लावण्यासाठी हिऱ्याच्या चाकाची निवड

देवास जिल्ह्यातील खातेगांव हे इंदूर-बैतूल मार्गावरील तहसिलीचे ठिकाण आहे. एकीकडे नर्मदाकाठची शेती आणि दुसरीकडे कन्नोद-खिवनीच्या बाजूची सागाची जंगले, असा हा मुलूख. अशा ठिकाणच्या कारागिरास दोन प्रकारची कामे नित्य करावी लागतात. ट्रॅक्टर, पंप आणि मळणीयंत्रे यांचे झिजलेले भाग लेथवर दुरुस्त करणे हे एक, आणि लाकूड कापणे हे दुसरे. सागाच्या लाकडात सिलिकाचा अंश असल्यामुळे साध्या पोलादी करवतीची धार त्यावर फार लवकर जाते. म्हणूनच दातांना कार्बाईडचे तुकडे बसविलेली गोल करवत आणि टोकाला कार्बाईड जोडलेले लेथचे हत्यार आता लहान दुकानांतूनही वापरात आहे. परंतु हत्यार विकत घेणे सोपे, त्यास योग्य रीतीने पुन्हा धार लावणे कठीण, असा अनुभव येतो.

कार्बाईड म्हणजे टंगस्टन व कार्बन यांच्या संयुगाचे सूक्ष्म कण कोबाल्ट धातूने एकत्र बांधून केलेला पदार्थ होय. जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी १९२३ मध्ये त्याचा शोध लावला व पुढे क्रुप कंपनीने तो ‘विडिया’ या नावाने बाजारात आणला. या नावाचा जर्मन भाषेतील अर्थ ‘हिऱ्यासारखा’ असा आहे. आपल्याकडील जुने टर्नर आजही कार्बाईडच्या हत्यारास विडियाच म्हणतात.

नाव हिऱ्याचे असले तरी हिऱ्याची बरोबरी कार्बाईडला करता येत नाही, आणि हेच धार लावण्याच्या दृष्टीने सोयीचे आहे. पोलादासाठी वापरले जाणारे ॲल्युमिनियम ऑक्साईडचे नेहमीचे चाक कार्बाईडवर निरुपयोगी ठरते. ते कापत नाही, केवळ घासते व तापविते. हिरवे सिलिकॉन कार्बाईडचे चाक कापते, पण त्याचे कण लवकर मोडतात व चाक झपाट्याने झिजते. त्याने लावलेली धार भिंगातून पाहिली तर ती करवतीसारखी तुटक दिसते. अशी धार पहिल्या काही फेऱ्यांतच ढासळते. हिऱ्याच्या चाकाने लावलेली धार सलग असते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी एकाच हत्याराची एक बाजू हिरव्या चाकावर व दुसरी हिऱ्याच्या चाकावर घासून विद्यार्थ्यांना भिंगातून दाखवावी. पानभर वर्णनापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

हिऱ्याचे चाक म्हटले की किमतीची धास्ती वाटते. पन्न्याच्या खाणीतील रत्नांशी मात्र या चाकांचा संबंध नाही. १९५४ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला आणि तेव्हापासून चाकांसाठी लागणारा हिरा मुख्यतः कारखान्यातच होतो. तरीही हे चाक साध्या चाकाच्या मानाने बरेच महाग असते व चुकीच्या वापराने थोड्याच दिवसांत वाया जाते. म्हणून चाकावर छापलेली अक्षरे वाचता येणे अगत्याचे आहे.

उदाहरणार्थ, चाकावर ‘डी १८० एन ७५ बी ३’ असे लिहिलेले असल्यास त्याचा अर्थ पुढीलप्रमाणे लावावा. ‘डी’ म्हणजे हिरा. १८० हा कणांचा क्रमांक असून तो जितका मोठा तितके कण बारीक. ‘एन’ हे बंधाची कठिणता दर्शविते. ७५ हे हिऱ्याचे प्रमाण होय. १०० या प्रमाणाच्या चाकात थराच्या दर घन सेंटिमीटरमध्ये ४.४ कॅरट हिरा असतो, म्हणजे ७५ मध्ये ३.३ कॅरट. ‘बी’ म्हणजे रेझिनचा बंध आणि ३ म्हणजे हिऱ्याच्या थराची जाडी मिलिमीटरमध्ये. उरलेले सारे चाक केवळ आधार असते. दोन चाकांच्या किमतींत तफावत दिसली तर प्रथम ही जाडी व हिऱ्याचे प्रमाण ताडून पाहावे. स्वस्त वाटणारे चाक पुष्कळदा पातळ थराचे निघते.

लहान दुकानासाठी रेझिन बंधाचे, वाटीच्या आकाराचे, ज्यास कप व्हील म्हणतात ते चाक सर्वांत सोयीचे. रेझिनचा बंध हळूहळू झिजून नवे कण उघडे करतो, त्यामुळे ते मोकळेपणाने कापते व हत्यार कमी तापते. धातूच्या बंधाचे चाक टिकते अधिक, परंतु त्यास भरपूर पाणी व मजबूत यंत्र लागते. पोलादी चाकावर मुलामा देऊन हिऱ्याचे कण बसविलेले चाक स्वस्त मिळते, मात्र त्यावर कणांचा एकच थर असतो आणि तो गेला की चाक संपले. रुंद तोंडाच्या कप व्हीलला ७५ चे प्रमाण पुरते. अरुंद कडेने काम करावयाचे असेल, जसे करवतीच्या दातांचे, तर १०० घेणे बरे. एकच चाक घ्यावयाचे असल्यास कणांचा क्रमांक १८० च्या आसपास असावा. ऐपत असेल त्याने शेवटच्या हातासाठी ४०० चे दुसरे चाक ठेवावे.

चाक घेण्यापूर्वी आपल्या ग्राईंडरचे फेरे पाहावेत. मिनिटास २८०० फेरे करणाऱ्या ग्राईंडरवर १२५ मिलिमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेचा वेग सेकंदास सुमारे १८ मीटर होतो. रेझिनच्या चाकावर कोरडे काम करण्यास तो योग्य आहे. १५० मिलिमीटरचे चाक लावल्यास तोच वेग २२ मीटर होतो आणि तेथे पाण्याची धार असणे इष्ट. पाणी द्यावयाचे तर अखंड द्यावे, नाहीतर मुळीच देऊ नये. तापलेले हत्यार मध्येच पाण्यात बुडविण्याची सवय लोहारकामातून आलेली आहे. कार्बाईडला त्यामुळे बारीक तडे जातात व ते कामाच्या वेळी उघडकीस येतात.

याहून मोठी चूक म्हणजे हिऱ्याच्या चाकावर पोलाद घासणे. हिरा हा कार्बनच असून तप्त लोखंड कार्बन शोषून घेते. कण बोथट होतात व चाकाचे तोंड पोलादाने भरून जाते. लेथच्या हत्याराचा दांडा पोलादी असतो, हे धार लावताना विसरले जाते. यासाठी दांड्याचा कार्बाईडखालील भाग आधी साध्या चाकावर दोन-तीन अंश जास्त उतरवून घ्यावा, म्हणजे हिऱ्यास केवळ कार्बाईडच लागेल. तुकडा फार फुटला असेल तर जाड काम हिरव्या चाकावर करून शेवट हिऱ्यावर करावा. हायस्पीड पोलादाची हत्यारे या चाकावर आणूच नयेत. कारखान्यात त्यांच्यासाठी क्यूबिक बोरॉन नायट्राईडचे चाक वापरतात. लहान दुकानात ॲल्युमिनियम ऑक्साईडचे पुरेसे आहे.

चाक बसविल्यावर त्याचे तोंड डायल गेजने तपासावे. ०.०२ मिलिमीटरहून अधिक हेलकावा असल्यास धार तुटकच येईल. चाक धारेकडून दांड्याच्या दिशेने फिरावे, दाब हलका असावा व हत्यार तोंडाच्या पूर्ण रुंदीवर सरकते ठेवावे. एकाच जागी धरल्यास तेथे खाच पडते. कापणे मंदावले म्हणजे चाक संपले असे समजून अनेकजण जोर वाढवितात. वास्तविक तोंड भरलेले असते. ॲल्युमिनियम ऑक्साईडची मऊ कांडी ओली करून क्षणभर टेकविली की ते मोकळे होते.

या कामात उडणारी धूळ दिसण्यास थोडी, पण तीत कोबाल्ट असतो. ती वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास दमा जडतो व काहींच्या फुप्फुसांचे कायमचे नुकसान होते. तोंडावर बांधलेला पंचा तिला अडवीत नाही, उलट त्याचे टोक चाकात अडकण्याचा धोका असतो. ग्राईंडरला धूळ ओढणारा पंखा व पिशवी जोडावी, बारीक कण रोखणारा मुखपट व डोळ्यांस चष्मा वापरावा. पाणी वापरीत असल्यास टाकीतील पाणी वरचेवर बदलावे, कारण कोबाल्ट त्यात उतरतो व तुषारांबरोबर पुन्हा हवेत येतो. दुकान झाडताना कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे, आणि काम करणाऱ्याने हात धुतल्याखेरीज शिदोरी उघडू नये.