लठ्ठा आणि लंबक

आलापल्लीचा साग तोडला की त्याचा लठ्ठा होतो, लठ्ठा डेपोत जातो, लिलाव होतो आणि ट्रक निघतो. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीचाच साग वाजतगाजत रवाना झाला. लाकूड इथलं, कारागिरी मात्र बहुतेकदा दुसऱ्या गावची.

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टचं (आपल्याला हे नाव केकमुळेच ठाऊक!) तसं झालं नाही. शेतं बर्फाखाली गेली की तिथले शेतकरी घरात बसून लाकडी चाकांची घड्याळं करत. फिरते विक्रेते ती पाठीवरच्या चौकटीत बांधून परमुलखातही विकत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून यंत्रावर बनलेली स्वस्त घड्याळं आली आणि या घरगुती धंद्याला घरघर लागली.

त्याच जंगलातल्या श्रामबर्गमध्ये एर्हार्ड युंगहान्सने १८६१ मध्ये नात्यातल्या याकोब त्सेलर-टोब्लरसोबत कारखाना काढला. सुरुवातीला त्यात अख्खं घड्याळ बनतच नव्हतं. लाकडी पेट्या, लंबक, पितळी सुटे भाग, एवढंच. एर्हार्डचा भाऊ अमेरिकेत होता. त्याच्या मदतीने, ज्यांनी धंदा बुडवायला आणला होता, त्यांचीच यंत्रं आणि त्यांचीच रीत या कारखान्याने उचलली. १९०३ पर्यंत तीन हजारांवर कामगार वर्षाला तीस लाखांहून जास्त घड्याळं करू लागले. तेव्हा जगात याहून मोठा घड्याळ कारखाना नव्हता.

या कारखान्याची एक इमारत मुद्दाम पाहावी अशी आहे. १९१६ ते १९१८ दरम्यान डोंगरउतारावर ती नऊ पायऱ्यांनी चढवली. कारण साधं होतं: बारीक कामाला उजेड लागतो, म्हणून प्रत्येक बाकापाशी खिडकी हवी. आज तिथे घड्याळांचं संग्रहालय आहे.

पुढे माक्स बिल या कलावंताने कंपनीसाठी स्वच्छ, सुटसुटीत तबकड्या आखल्या. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकची वेळही युंगहान्सनेच मोजली. क्वार्ट्‌झ घड्याळांच्या लाटेत मात्र युरोपातल्या अनेकांची दमछाक झाली. २००८ मध्ये युंगहान्सचंही दिवाळं निघालं, आणि पुढच्याच वर्षी श्रामबर्गच्याच श्टाइम पितापुत्रांनी ती कंपनी विकत घेतली.

१९९० चं ‘मेगा १’ हे युंगहान्सचं मनगटी घड्याळ रेडिओ लहरींवरून स्वतःच वेळ जुळवतं. त्या लहरी फ्रँकफुर्टजवळच्या केंद्रातून निघतात आणि साधारण दोन हजार किलोमीटरपर्यंत पोचतात. त्याहून कितीतरी दूर, गडचिरोलीतल्या भामरागडात ते मनगटावर बांधलं, तर साध्या क्वार्ट्‌झ घड्याळासारखंच चालेल.