शोक, धम्म आणि कॅमेरा

आंबेडकरी समाजाच्या शोकाचा चित्रपटातील मागोवा 7 डिसेंबर 1956 पर्यंत मागे नेता येतो. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची अंत्ययात्रा दादर चौपाटीवर पोहोचली आणि लेखक व चित्रपटकर्मी नामदेव व्हटकर यांनी ती कॅमेऱ्यात टिपून ठेवली. आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला, त्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. तेथे घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा होती, म्हणजे जुने शोकविधी सोडलेल्या आणि नवे अजून अंगवळणी न पडलेल्या समाजावर हा आघात झाला होता. त्याच चौपाटीवर भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून हजारोंनी दीक्षा घेतली. या समाजाच्या बाबतीत शोक आणि श्रद्धा वेगळ्या काढता येत नाहीत, त्याचे मूळ येथे आहे.

त्यानंतरच्या माहितीपटांत, म्हणजे प्रत्यक्ष माणसे व घटना यांवर बेतलेल्या चित्रपटांत, हा समाज येत राहिला, पण पुष्कळदा दुसऱ्याच नावाने. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’मध्ये (1985) शाहीर विलास घोगरे गातात, तेथे ते शहरातील बेघर कष्टकऱ्यांचा आवाज आहेत, कारण विषय झोपड्या पाडण्याचा आहे आणि जात त्याच्या कडेला राहते. चित्रपट खोटा नव्हे, पण अपुरा आहे. प्रतिनिधित्व म्हणजे पडद्यावर कोण किती वेळ दिसते एवढेच नसून त्या माणसाला कोणत्या ओळखीने दाखवले जाते हेही असते, याचे हे बोलके उदाहरण ठरावे.

11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात 10 जण मारले गेले. चार दिवसांनी घोगरे यांनी गळफास घेतला. डाव्या सांस्कृतिक संघटनेने दूर केलेल्या या शाहिराच्या डोक्याला त्या वेळी निळे कापड बांधलेले होते. डाव्यांचा लाल आणि आंबेडकरी निळा यांमधील हे अंतर समजून घेण्यात पटवर्धन यांची 14 वर्षे गेली आणि ‘जय भीम कॉम्रेड’ (2011) हा तीन तासांहून मोठा चित्रपट उभा राहिला. त्याच्या लांबीबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की त्यातील बराच वेळ गाण्यांना दिलेला आहे, आणि श्राद्ध नाकारलेल्या वस्तीत गाणे हेच मृतांच्या स्मरणाचे साधन आहे. बायाबापड्या भीमगीते म्हणतात तेव्हा कॅमेरा घाईने पुढच्या मुलाखतीकडे वळत नाही. रडणाऱ्यांना केवळ पीडित म्हणून न दाखवता विचार करणारी, चिडणारी, प्रसंगी आपल्याच पुढाऱ्यांवर उखडणारी माणसे म्हणून दाखवण्याचे बळ या थांबण्यातून आले आहे.

तरीही प्रश्न उरला तो कॅमेरा कोणाच्या हातात आहे याचा. सोमनाथ वाघमारे यांच्या ‘चैत्यभूमी’ या माहितीपटाने त्याला समाजाच्या आतून उत्तर दिले. दर 6 डिसेंबरला, म्हणजे आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनी (‘परिनिर्वाण’ हा बौद्ध परंपरेत निर्वाणप्राप्त व्यक्तीच्या देहान्तासाठीचा शब्द), दादरला, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले त्या जागी उभारलेल्या चैत्यभूमीवर, लाखो लोक येतात. गर्दी, कचरा आणि वाहतुकीची कोंडी यांपलीकडे पाहिले तर पांढऱ्या कपड्यांतील लांबच लांब रांगा दिसतात, आणि शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल. शोक करायला आलेला माणूस परतताना पिशवीतून पुस्तक नेतो, ही गोष्ट बाहेरच्याला नवलाची वाटते. आतल्याला ती रीतच आहे.

एक उणीव मात्र या सगळ्या प्रवासात ठळक आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या आठवणी 1989 मध्येच नोंदवून ठेवल्या होत्या, पण व्हटकर, पटवर्धन आणि वाघमारे या तिन्ही टप्प्यांवर गाणारी, रडणारी, रांगेत उभी असलेली बाई कॅमेऱ्यासमोर आहे, आणि चित्रपट पुरुषाचा आहे.