डिजिटल कॅमेऱ्यातील फोकसदोष : निदान आणि स्वच्छता

उत्खननातील मातीचा थर एकदा उकरला गेला की तो पुन्हा पाहावयास मिळत नाही. जीर्ण पोथीचे पान दुसऱ्यांदा उलगडण्याची परवानगी मिळेलच असे नाही. अशा वस्तूंचे छायाचित्र हेच पुढे संशोधनाचे मूळ साधन ठरते; आणि ते अस्पष्ट आले तर होणारी हानी कायमची असते. चित्रे वारंवार अस्पष्ट येऊ लागली म्हणजे कॅमेऱ्यात धूळ गेली असावी असे समजून तो पुसण्याकडे सामान्यतः प्रवृत्ती होते. परंतु धूळ आणि फोकसदोष ह्या बहुतांशी भिन्न गोष्टी आहेत. दोषाचे स्थान निश्चित होण्यापूर्वी केलेली स्वच्छता निरुपयोगी ठरते, आणि पुष्कळदा मूळ दोषाहून अधिक नुकसान करते. हे कसे, ते समजण्यासाठी आरसा असलेल्या एकभिंगी कॅमेऱ्यातील प्रकाशाचा मार्ग प्रथम पाहिला पाहिजे.

भिंगातून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसविलेल्या आरशावर पडतो. त्याचा मोठा भाग वर परावर्तित होऊन फोकसच्या काचेवर व तेथून व्ह्यूफाइंडरमध्ये जातो. आरशाचा मध्यभाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून पार झालेला प्रकाश मागील एका लहान आरशावर आदळून कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकस-मापकाकडे वळतो. भिंगाच्या परस्परविरुद्ध कडांकडून आलेल्या किरणांच्या तेथे दोन प्रतिमा होतात. त्यांच्यामधील अंतरावरून फोकस पुढे आहे की मागे, आणि किती, हे ठरते. १९८५ साली मिनोल्टा ७००० ह्या फिल्मच्या कॅमेऱ्याने लोकप्रिय केलेली ही योजना पुढे डिजिटल कॅमेऱ्यांतही राहिली. चित्र घेताना दोन्ही आरसे उचलले जातात आणि प्रकाश संवेदकावर पडतो. अर्थात् भिंगापासून काच, मापक आणि संवेदक ह्या तिहींपर्यंतचे प्रकाशमार्ग समान लांबीचे असणे अवश्य आहे.

ह्या समानतेत किती चूक खपेल ? ३६ मिलिमीटर रुंदीच्या संवेदकावर आडव्या ओळीत ६,००० बिंदू असतील, तर एका बिंदूची रुंदी ०.००६ मिलिमीटर होते. प्रतिमा संवेदकापासून केवळ ०.१ मिलिमीटर सरकली, तर एफ/२.८ ह्या छिद्रास प्रत्येक बिंदूचा सुमारे ०.०३६ मिलिमीटर व्यासाचा ठिपका बनतो. म्हणजे सहा बिंदूंइतकी अस्पष्टता येते. एफ/८ ला तीच चूक दोन बिंदूंवर येते. छिद्र लहान केले असता दोष झाकला जातो, नाहीसा होत नाही, हे ह्यावरून ध्यानात येईल.

परीक्षेसाठी कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवून, ठळक छपाईचा सपाट कागद त्याच्या समोर समांतर ठेवावा आणि शेजारी एक पट्टी तिरकी उभी करावी. छिद्र सर्वांत मोठे असावे. प्रत्येक खेपेस भिंग एका टोकास फिरवून नंतर व्ह्यूफाइंडरमधून स्वयंचलित फोकस करावा व अशी अनेक चित्रे घ्यावीत. मग तितकीच चित्रे मागील पडद्यावर दृश्य पाहून घ्यावीत. ह्या दुसऱ्या रीतीत आरसा उचललेला असल्याने तळातील मापकाचा संबंध येत नाही.

पडद्यावरून घेतलेली चित्रे स्वच्छ, परंतु व्ह्यूफाइंडरमधून घेतलेल्या सर्व चित्रांत फोकस एकाच बाजूस सरकलेला आढळला, तर प्रकाशमार्गांच्या लांबीत तफावत आहे. येथे पुसण्याने काहीही साधत नाही. कॅनन व निकॉन ह्यांच्या वरच्या श्रेणीतील कॅमेऱ्यांत २००७ पासून उणे २० ते अधिक २० पर्यंत दुरुस्ती करण्याची सोय आली. अशी सोय असल्यास ती त्या भिंगापुरती वापरावी. दोन्ही रीतींनी चित्र अस्पष्ट येत असेल आणि दुसरे भिंग लावताच दोष जात असेल, तर तो भिंगातच आहे. फोकस कधी पुढे, कधी मागे जात असेल किंवा भिंग नुसतेच फिरत राहत असेल, तर मात्र मळाचा संशय रास्त होय. भिंगाच्या कड्यावरील विद्युत्-संपर्क, तळातील मापकावर साचलेली धूळ आणि भिंगावरील बुरशी ही त्याची संभाव्य स्थाने आहेत.

संवेदकावरील धूळ ही वेगळी बाब आहे. ती प्रत्यक्षात संवेदकावरील संरक्षक काचेवर बसते. मोठ्या छिद्रातून येणाऱ्या रुंद किरणशंकूमुळे तिची सावली विरून जाते. लहान छिद्रास ती ठळक होते. म्हणून एफ/२२ ला निरभ्र आकाशाचे चित्र घेतल्यास ती काळसर ठिपक्यांच्या रूपाने दिसते. समोरून कॅमेऱ्यात पाहिले असता चित्रातील वरचा ठिपका संवेदकाच्या खालच्या भागात असतो. डावे-उजवे मात्र बदलत नाही. केवळ व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा कण बहुधा फोकसच्या काचेवर असतो. तो चित्रात उतरत नाही, म्हणून त्याच्या मागे लागू नये.

स्वच्छतेचा क्रम बाहेरून आत असावा. विद्युत्-संपर्क कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसावेत. नंतर कॅमेऱ्याचे तोंड खाली करून हाताच्या रबरी ब्लोअरने आत हवा सोडावी. तोंडाने फुंकल्यास थुंकीचे कण, तर दाबलेल्या वायूच्या डब्याने द्रवाचे डाग पडण्याचा धोका असतो. आरशाचा लेप पृष्ठभागावरच असल्याने त्यास स्पर्श करू नये. संवेदक शेवटी, आणि बॅटरी पूर्ण भरलेली असतानाच साफ करावा. मध्येच वीज संपल्यास आरसा व पडदा हातातील साधनावर आपटतात. ओल्या पट्टीने पुसावे लागल्यास एकाच दिशेने एकदा पुसून ती पट्टी टाकून द्यावी.

कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते. तिच्यामुळे प्रतिमेतील प्रकाशभेद मंदावतो आणि त्यावरच अवलंबून असलेले फोकस-मापन चुकू लागते. बुरशीने लेप खाल्ल्यानंतर तो पूर्ववत् होत नाही; यास्तव सिलिका जेल घातलेल्या बंद पेटीत, सुमारे ४० ते ५० टक्के आर्द्रतेत भिंगे ठेवणे हाच खरा उपाय होय.

ह्यापलीकडे कॅमेरा उघडण्याचे काम तज्ज्ञाचे आहे. फ्लॅशच्या धारित्रात कॅमेरा बंद असतानाही सुमारे ३०० व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो, आणि लहान आरशाचा कोन किंचित् ढळला तरी वर सांगितलेली समानता बिघडते. संवेदकावरच फोकस मोजणाऱ्या आरसाविरहित कॅमेऱ्यांत मार्गांतील तफावतीचा प्रश्न उरत नाही. भिंग, संपर्क व बुरशी ह्यांचे प्रश्न मात्र तेथेही आहेत. कोणताही कॅमेरा असो, वरील परीक्षेस अर्धा तास पुरतो. ती क्षेत्रकार्यास निघण्यापूर्वी केलेली बरी. परत आल्यानंतर कळलेल्या दोषावर इलाज असला, तरी गमावलेल्या चित्रावर तो नसतो.