दोनाचे चार झाले की सुटेल?

या आठवड्यात डोपामीनकडे वळायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या आठवड्यावर, कारण मागच्या लेखांकानंतर आलेल्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला आहे: वय वाढलं की व्यसन आपोआप सुटतं म्हणतात, ते खरं का? एका पत्रात त्याची पुढची पायरीही आहे. मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, रोज पितो आणि नातेवाईक म्हणतात की दोनाचे चार हात करून टाका, जबाबदारी पडली की येईल ताळ्यावर. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातली बरीच मंडळी अशा प्रश्नाला चटकन 'नाही' म्हणून मोकळी होतात. माझं उत्तर तसं नाही. बहुतेकांचं व्यसन कधी ना कधी सुटतं, आणि त्यातल्या पुष्कळांचं उपचाराशिवाय सुटतं. तरीही वयावर हवाला ठेवून वाट पाहत बसणं ही घोडचूक आहे.

वयाची ही कल्पना अभ्यासाच्या पातळीवर पहिल्यांदा ठळकपणे मांडली चार्ल्स विनिक यांनी, १९६२ साली. अमेरिकेच्या केंद्रीय अमली पदार्थ खात्याच्या दप्तरात १९५५ मध्ये नोंदलेल्या व्यसनींपैकी सात हजारांहून अधिक जण १९५९ अखेरपर्यंत त्या दप्तरात पुन्हा दिसले नाहीत. त्यांचं सरासरी वय होतं पस्तिशीच्या आसपास. विनिक यांचा तर्क असा, की ऐन विशीत जगण्याचे प्रश्न झेपत नाहीत म्हणून माणूस हेरॉइनकडे जातो आणि तिशी ओलांडताना ते प्रश्नच निवळल्यामुळे त्यातून बाहेर पडतो. यावर आक्षेप उघड आहे. दप्तरात नाव नाही म्हणजे नशा सुटली असं थोडंच? माणूस मेला असेल, किंवा पोलिसांना चुकवायला शिकला असेल. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि केवळ विनिक यांच्या भरवशावर मी काहीच म्हटलं नसतं.

पण पुढे ली रॉबिन्स यांनी दप्तरं नव्हे, माणसं गाठली. सप्टेंबर १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांतले सुमारे नऊशे जण त्यांच्या पथकानं शोधून काढले, मुलाखती घेतल्या, लघवीही तपासली. तिथे असताना जवळपास पाचातला एक जण अफूवर्गीय नशेच्या, मुख्यतः हेरॉइनच्या, आहारी गेला होता. घरी परतल्यावर पहिल्या वर्षात या आहारी गेलेल्यांपैकी पुन्हा व्यसनात अडकले ते अवघे ५ टक्के, आणि तीन वर्षांचा हिशेब केला तरी १२ टक्के. उपचार घेतलेले त्यांत थोडेच होते. इथे वय फारसं वाढलंच नव्हतं. बदललं ते भोवताल: युद्ध संपलं, स्वस्त माल हाताशी राहिला नाही, घर आणि काम आलं. पुढे २००१-०२ मध्ये अमेरिकेत ४३ हजारांवर लोकांची पाहणी झाली. पूर्वी कधी तरी दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी, पाहणीच्या आधीच्या वर्षात त्याच अवस्थेत असलेले फक्त चौथा हिस्सा निघाले. आयुष्यात कधीही उपचार किंवा मदत घेतलेलेही साधारण तेवढेच.

मग डॉक्टर, समुपदेशक आणि घरच्यांना हे दिसत कसं नाही? एक साधं गणित मांडू. समजा एका गावात दर वर्षी दहा जण व्यसनात पडतात. नऊ जण दोन वर्षांत सुटतात, एकाला वीस वर्षं लागतात. वीस वर्षांनी कोणत्याही एका दिवशी मोजणी केली, तर लवकर सुटणारे अठरा सापडतील आणि वर्षानुवर्षं रुतलेले वीस. मुळात दहातला एकच चिवट, पण मोजणीत मात्र निम्म्याहून जास्त तेच. शिवाय जे सुटणारच असतात ते दवाखान्याची पायरी चढतही नाहीत. जेकब आणि पॅट्रिशिया कोहेन यांनी १९८४ मध्ये हाच दृष्टिभ्रम दाखवून दिला होता. गर्दच्या लाटेत, १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या 'मुक्तांगण'सारख्या संस्थांकडे जे येतात, ते स्वबळावर सुटू न शकलेले असतात. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो सगळ्या व्यसनींचा अनुभव नाही.

आता माझ्या बाजूवरचा सर्वांत जड आक्षेप. पाहणी जिवंत माणसांचीच होते. कॅलिफोर्नियात १९६२ ते ६४ दरम्यान सक्तीच्या उपचारात दाखल झालेल्या ५८१ हेरॉइन व्यसनी पुरुषांचा ३३ वर्षं माग काढला गेला. अखेरीला २८४ जण मरण पावले होते, म्हणजे जवळजवळ निम्मे. 'वयानं सुटतं' म्हणणाऱ्यानं हा आकडा आधी सांगायला हवा. वाट पाहण्याची किंमत कोण मोजतं, ते यात दिसतं.

आणि खुद्द वय काही करत नाही, याचा माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा तंबाखूचा आहे. वर सांगितलेल्या २००१-०२ च्या पाहणीच्याच आकड्यांवरून काढलेला अंदाज असा, की कोकेनच्या आहारी गेलेल्यांपैकी निम्मे सुटायला सुमारे ५ वर्षं लागतात, दारूला १४, आणि निकोटिनला २६. सर्वांत स्वस्त, कायदेशीर आणि चारचौघांत चालणारं व्यसन सर्वांत शेवटी सुटतं! कारण कोकेन नोकरी, पैसा आणि नात्यांच्या आड फार लवकर येतं. चुना-तंबाखू येत नाही. मळणारा कामावर जातो, पगार घरी आणतो, आणि मिश्री लावणाऱ्या आजीला तर कुणी व्यसनी म्हणतही नाही. आयुष्याशी टक्करच होत नसेल, तर वर्षं नुसती सरतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. ती सगळी विशीतली पोरं नव्हेत.

तेव्हा त्या पत्राचं उत्तर. लग्नानंतर पिणं कमी होतं, असं पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत बरेचदा दिसतं हे खरं. पण तिथली लग्नं बहुतांशी एकमेकांना पारखून झालेली असतात, आणि ज्याचं पिणं आधीच आवरतं झालंय त्याचं लग्न ठरण्याची आणि टिकण्याची शक्यताही जास्त. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे वेगळं करणं अवघड. आपल्याकडे व्यसन लपवून केलेल्या लग्नाला हा पुरावा लावता येत नाही. त्यात जबाबदारी मुलावर पडत नाही, परक्या घरच्या मुलीवर पडते. हे लग्न करू नका. मुलाला काम, दारूशिवायची संगत आणि पिण्याचे परिणाम स्वतः निस्तरण्याची वेळ, या गोष्टी आजपासून मिळू शकतात. त्यासाठी पस्तिशीची वाट पाहायला नको. रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवावं. आणि तंबाखूवाल्यांसाठी: सोडायला मदत करणारा मोफत क्रमांक, १८००-११-२३५६, तुमच्या हातातल्या पुडीवरच छापलेला असतो.