मंडप आणि चर्चासत्र
(लेखमाला : प्रदेशांचे अभ्यासक, भाग ५)

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तिरुवल्लुवर, अव्वैयार, कंबन, भारती यांच्या पुतळ्यांच्या रांगेतच जी. यू. पोप, कॉल्डवेल आणि बेस्की हे तीन युरोपीय मिशनरी उभे आहेत. हे पुतळे १९६८च्या जानेवारीत, दुसऱ्या जागतिक तमिळ परिषदेच्या निमित्ताने बसवले गेले. अभ्यासकांच्या परिषदेतून साधारणपणे निबंधांचा एखादा जाड खंड निघतो. इथे तिने एका महानगराचा किनाराच बदलून टाकला. प्रदेशाचा अभ्यास आणि प्रदेशाचा उत्सव एकाच मांडवाखाली आले की काय होते, हे समजून घ्यायला या परिषदेइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

तिची सुरुवात अगदी लहान होती. १९६४च्या जानेवारीत दिल्लीत प्राच्यविद्या अभ्यासकांचे आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरले होते. भारतविद्या म्हणजे प्रामुख्याने संस्कृत, असाच त्या वर्तुळाचा कल होता. तिथे आलेल्या तमिळच्या अभ्यासकांना फादर झेव्हियर तनिनायगम यांनी एकत्र केले आणि आंतरराष्ट्रीय तमिळ संशोधन संघटना स्थापन झाली. तनिनायगम हे उत्तर श्रीलंकेतले कॅथलिक धर्मगुरू. ते मलाया विद्यापीठात शिकवत. संघटनेचे अध्यक्षपद फ्रान्सच्या झाँ फिलिओझा यांच्याकडे गेले. तनिनायगम यांच्या जोडीला चिटणीस म्हणून चेक विद्वान कामिल झ्वेलेबिल होते. १९६६ साली पहिली परिषद भरली ती क्वालालंपूरला. पहिल्या पावलापासून तमिळचा अभ्यास एका राज्याच्या सीमेत अडकलेला नव्हता, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

दोन वर्षांनी परिषद मद्रासला आली, तेव्हा हिंदीविरोधी आंदोलनाची धग ताजी होती. द्रमुकला सत्तेवर येऊन वर्षही झाले नव्हते. मुख्यमंत्री अण्णादुराई स्वतः लेखक आणि नावाजलेले वक्ते. आत निबंधवाचन चालू होते आणि बाहेर चित्ररथांची मिरवणूक पाहायला अफाट गर्दी लोटली होती. त्या गर्दीकडे नाक मुरडणे मला पटत नाही. आपल्या भाषेवर परदेशांतले पंडित आयुष्य घालवतात, हे सामान्य माणसाला अशाच वेळी कळते. शिवाय सरकारचा हात सैल झाला तो याच उत्साहापोटी. मद्रासच्या परिषदेतल्या संकल्पनेतून १९७०मध्ये तिथे तमिळ अध्ययनाची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. १९८१ साली मदुराईला परिषद भरली आणि त्याच वर्षी तंजावरला तमिळ विद्यापीठ स्थापन झाले.

पण मांडव ज्याचा, त्याची मर्जीही सांभाळावी लागते. मरीनावरच्या पुतळ्यांत ‘सिलप्पदिकारम’ची नायिका कण्णगी आहे. राज्यात अण्णाद्रमुकचे सरकार असताना २००१ साली तिचा पुतळा हलवण्यात आला. द्रमुक सत्तेवर परतल्यावर २००६मध्ये तो पुन्हा जागेवर आला. दीड हजार वर्षांपूर्वीच्या महाकाव्यातल्या स्त्रीलाही पक्षांच्या चढाओढीतून सुटका मिळाली नाही.

जाफन्याला याहून फार मोठी किंमत मोजावी लागली. १९७४ची परिषद कोलंबोला व्हावी, असा श्रीलंका सरकारचा आग्रह होता. संयोजकांनी जाफना सोडले नाही. १० जानेवारीला समारोपाच्या सभेला लोटलेल्या जमावावर पोलिसांनी कारवाई केली, विजेची तार खाली आली आणि माणसे दगावली. श्रीलंकेतल्या तमिळांच्या मनात ती जखम खोल राहिली. त्या बेटावरचा संघर्ष पुढे कसा चिघळत गेला, हे सांगताना आजही या संध्याकाळचा उल्लेख होतो.

१९९५ला परिषद तंजावरला भरली. आपल्या भोसले राजांचे ते गाव, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते व मोडी कागद आजही जपलेले आहेत. या परिषदेसाठी श्रीलंकेतून आलेल्या काही तमिळ अभ्यासकांना मात्र परत पाठवण्यात आले. ज्यांच्या भाषेची परिषद, त्यांच्यापैकीच काहींना दार बंद झाले, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत लाजिरवाणे पान वाटते.

त्यानंतरचा प्रसंग कोइमतूरचा. २००९मध्ये मुख्यमंत्री करुणानिधींनी तिथे जागतिक तमिळ परिषद घेण्याची घोषणा केली. संघटनेचे अध्यक्ष तेव्हा नोबोरू काराशिमा होते. चोळकालीन शिलालेखांतली नावे, पदव्या आणि जमिनींचे व्यवहार मोजून दक्षिणेचा समाजेतिहास मांडणारे हे जपानी इतिहासकार. निबंध मागवायचे, तपासायचे, अभ्यासकांना तयारीला वेळ द्यायचा, तर सरकारने दिलेला अवधी अपुरा आहे, असे त्यांनी कळवले आणि ते त्यावर ठाम राहिले. मग २०१०च्या जूनमध्ये राज्य सरकारने स्वतःच ‘जागतिक अभिजात तमिळ परिषद’ भरवली. उद्‌घाटन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी केले. गीत मुख्यमंत्र्यांचे होते, संगीत ए. आर. रहमान यांचे. फिनलंडचे आस्को पारपोला यांचा सिंधू लिपीवरील कामासाठी सन्मान झाला. सोहळा देखणा झाला, चांगले अभ्यासकही आले. तरी माझ्या मते त्या वर्षी तमिळच्या अभ्यासाची सर्वांत मोठी सेवा काराशिमांच्या नकाराने केली. निबंध लिहायला किती महिने लागतात, हे निवडणुकीच्या पंचांगावरून ठरत नाही, एवढे सांगायला एक माणूस उभा राहिला.

तमिळला अभिजात भाषेचा दर्जा २००४ साली मिळाला, मराठीला २०२४ साली. आता आपल्याकडेही निधी येईल, मांडव पडतील, विश्व मराठी संमेलने तर सुरू झालीच आहेत. त्यांना गर्दी जरूर व्हावी. पण त्यांच्या शेजारी अभ्यासकांचे वेगळे दालन हवे. तिथले विषय, तारखा आणि निमंत्रितांची यादी अभ्यासकांनीच ठरवावी. तंजावरच्या मोडी कागदांवर काम करणाऱ्याला त्या दालनात सावकाश बोलायला वेळ मिळावा आणि ऐकणाऱ्यांत तमिळ जाणणारेही असावेत.

(पुढील भागात : टोरांटोपासून मॉस्कोपर्यंत भरलेल्या महाराष्ट्रविषयक परिषदा)