जुनी पिकअप : ठेवावी की विकावी?



पोळ्याच्या दिवशी आपल्या भागात बैलांच्या बरोबरीने दारातल्या गाडीलाही हार पडतो. आमच्या पिकअपलाही पडतो. गाडी २००७ सालची. तिने पुसदच्या बाजारात हळद नेली, उसाचे बेणे आणले, खताच्या गोण्या वाहिल्या, थोरलीच्या लग्नात मांडवाचे सामान ओढले. आता डावा दरवाजा आतून उघडत नाही, आणि थंडीत सकाळी दोघांनी धक्का मारल्याशिवाय बाईसाहेब जाग्या होत नाहीत. पण विकायची गोष्ट निघाली की घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "कायले इकता? चालते ना अजून!"

ही माया खोटी नाही. मालाची छोटी गाडी ही शेतकऱ्याला फार उशिरा मिळालेली वस्तू आहे. आधी मुंबईत महिंद्रांनी जीपची जुळणी सुरू केली, पुढे बजाज टेम्पोचा मॅटॅडोर आला, १९८६ साली टाटा ४०७ आली, आणि त्यानंतर पिकअप खेड्यापर्यंत पोचली. तोवर बाजारचा माल बैलगाडीने किंवा दुसऱ्याच्या ट्रकने, त्याच्या सवडीने जात असे. स्वतःची गाडी म्हणजे स्वतःची सवड. म्हणून ती सोडवत नाही.

परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्यावर एक प्रसंग आला, तो सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. उमरखेडहून खत घेऊन येताना उतारावर ब्रेकचे पेडल एकदम तळाला गेले. गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला, आणि गाडी कडेच्या मुरमाच्या ढिगात घातली. कोणाला लागले नाही, हे नशीब. दोष मात्र सर्वस्वी आमचा. त्याच वर्षी आम्ही गाडीला रंग दिला होता, नवी ताडपत्री घेतली होती. ब्रेक ऑइल मात्र चार वर्षांत बदलले नव्हते.

असे का होते, ते समजून घ्या. ब्रेक ऑइल हवेतले पाणी हळूहळू शोषून घेते. भरल्या गाडीने उतारावर सारखा ब्रेक दाबला की चाकाशी उष्णता वाढते आणि त्या पाण्याची वाफ होते. ऑइल दबत नाही, पण वाफ दबते. म्हणून पेडल खाली जाते आणि चाक काही थांबत नाही. डबीतले ऑइल पातळीला भरलेले दिसले, तरी ते चांगले आहे असे नव्हे. साधारण दोन वर्षांनी ते बदलावे.

यावरून जुन्या गाडीच्या दुखण्यांचे दोन भाग पडतात.

पहिली दुखणी पैसे खाणारी. काळा धूर निघाला तर डिझेल नीट जळत नाही. एअर फिल्टर तुंबला असेल किंवा नोझल खराब असेल. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. बहुधा रिंगा झिजल्या. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले, तर हेड गॅसकेट तपासावे. थंडीत सुरू न होण्याला बॅटरी, हीटर प्लग किंवा कमी पडलेले कॉम्प्रेशन कारण असते. ही कामे सोईने, पैसा पाहून करता येतात.

दुसरी दुखणी जीव घेणारी. ब्रेक, स्टिअरिंगचा खेळ, गुळगुळीत टायर, तुटका कमानपाटा, गंजलेली चासी आणि मंद दिवे. यांना "पुढच्या हप्त्यात पाहू" म्हणायचे नाही. ही दुरुस्ती झाल्याशिवाय गाडी दाराबाहेर काढू नये. तसेच आर. सी. वर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त भरू नये, आणि मालाच्या गाडीत मागे माणसे बसवू नयेत. ते कायद्याने चालत नाही, आणि अपघात झाला तर भरपाईचा बोजा मालकाच्या घरादारावर येऊ शकतो.

आता एक अफवा. "पंधरा वर्षे झाली की सरकार गाडी उचलून नेते," असे पारावर ऐकू येते. २०१५ साली हरित लवादाने दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांविरुद्ध आदेश दिला तो दिल्ली परिसरापुरता होता. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांची नोंदणी बंद झाली ती सरकारी गाड्यांची. आपल्या मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग करावे लागते, आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांचे पासिंगचे शुल्क बरेच वाढले आहे. पासिंगमध्ये टिकली तर गाडी चालते.

मग ठेवावी की विकावी? त्यासाठी एक वही घाला. दुरुस्ती, ऑइल, टायर, पासिंग यांचा वर्षाचा खर्च मांडा. गाडी बंद म्हणून भाड्याने दुसरी करावी लागली, तेही त्यात धरा. समजा ही बेरीज साठ हजार झाली, आणि नव्या गाडीचा हप्ता महिना पंधरा हजार, म्हणजे वर्षाला एक लाख ऐंशी हजार, शिवाय विमा. अशा वेळी जुनी ठेवणे शहाणपणाचे. पण खर्च दरसाल वाढत चालला, गाडी ऐन हंगामात दगा देऊ लागली, किंवा चासीच गंजली, तर माया बाजूला ठेवावी. आणि वर्षाकाठी मोजक्याच खेपा होत असतील, तर जुनी नको नि नवीही नको, भाड्याची बरी.

आम्ही वही घातली आहे. यंदा आमची गाडी राहणार, असे आकडे सांगतात. पुढच्या वर्षी ते काय सांगतील ते ऐकू. आपणही हंगाम सुरू होण्याआधी, गाडीला काम कमी आहे तोवर, मिस्त्रीला बोलावून चारही चाके उतरवून पाहावीत. पोळ्याला हार घाला, पण त्याआधी ब्रेक पाहा, एवढीच विनंती.